खात्यांची मांडणी अहवालापासून सुरू करावी

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे गेली आणि अंगावरचे रंग धुऊन झाले, की इंदूरच्या लहानमोठ्या पेढ्यांमध्ये वर्षअखेरीच्या हिशेबांची घाई सुरू होते. काही वर्षांपूर्वी याच दिवसांत मी नमकीन बनवणाऱ्या एका कौटुंबिक उद्योगाचे हिशेब पाहायला बसलो होतो. मालकांचा प्रश्न साधा होता: कारखाना कमावतो की दुकान? वर्षभराच्या नोंदी संगणकात चोख होत्या, रोकड पैशापैशाने जुळत होती, पण या प्रश्नाचे उत्तर कुठेच सापडत नव्हते. खात्यांच्या यादीत ‘पेट्रोल’, ‘पेट्रोल खर्च’, ‘गाडी पेट्रोल’ आणि ‘डिझेल-पेट्रोल’ अशी चार खाती होती. विजेच्या बिलाचे खाते मात्र एकच होते आणि त्यात कारखान्याचे, दुकानाचे आणि राहत्या घराचेही बिल पडत होते. नोंदी करणाऱ्या माणसाचा यात काही दोष नव्हता. खाती कोणी ठरवलीच नव्हती. ती लागतील तशी उगवली होती.

व्यवसायातील सर्व खात्यांची विचारपूर्वक ठरवलेली, गटवार लावलेली यादी म्हणजे चार्ट ऑफ अकाउंट्स. तिच्यात मालमत्ता, देणी, भांडवल, उत्पन्न आणि खर्च असे पाच मूळ वर्ग असतात आणि प्रत्येक व्यवहाराची नावे (डेबिट) बाजू आणि जमा (क्रेडिट) बाजू यांपैकी कुठल्यातरी खात्यात जाऊन बसते. जुन्या मराठी हिशेबपद्धतीत कीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) लिहायची, तिच्यावरून खतावणी (खातेवार नोंद) करायची आणि खतावणीवरून तेरीज (सर्व खात्यांच्या शिलकांची यादी) काढायची असा क्रम होता. कागदी खतावणीत नवीन खाते उघडायचे म्हणजे एक पान त्याला द्यावे लागे. पाने मोजकी असल्यामुळे मुनीम दहादा विचार करून खाते उघडत असे. आज टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हाउचर (व्यवहाराची नोंद) लिहिता लिहिता दोन कळा दाबल्या की नवीन लेजर, म्हणजे खाते, तयार होते. कागदाच्या टंचाईने आपोआप येणारी ही शिस्त आता आपल्याला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पुढील विवेचनासाठी एक काल्पनिक पेढी समोर ठेवू. दोन भावांची भागीदारी आहे. सांवेर रोडवर शेव-चिवड्याचा कारखाना आहे आणि जेल रोडवर किरकोळ विक्रीचे दुकान आहे. बेसन, तेल आणि मसाले सियागंजच्या घाऊक बाजारातून येतात, काही माल मुंबई-पुण्याला जातो आणि थोडा ऑनलाइन विकला जातो. दुकानात स्वतःच्या मालाबरोबर बाहेरून घेतलेली लोणची-पापडही विकली जातात.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर उतरवणे

संगणक सुरू करण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि हे हिशेब कोण वाचणार आहे, हे त्यावर लिहावे. मालक दर महिन्याला वाचतात. कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलता येणारे कर्ज) देणारी बँक माल आणि येणी यांचे विवरण मागते, कारण त्यावरच तिची उचल-मर्यादा ठरते. जीएसटीची विवरणपत्रे भरायची असतात, आयकराचे विवरण भरायचे असते, आणि उद्योग कंपनीच्या स्वरूपात असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात दिलेल्या नमुन्यात ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक मांडावे लागते.

मग प्रत्येक वाचकाच्या नावाखाली त्याचे प्रश्न लिहावेत. आपल्या पेढीच्या मालकांचे प्रश्न साधारण असे असतील: स्वतः बनवलेल्या मालावर किती सुटते आणि विकत घेऊन विकलेल्या मालावर किती? कारखान्याचा आणि दुकानाचा खर्च वेगवेगळा किती? ऑनलाइन विक्रीत कमिशन वजा जाता हातात काय राहते? दोघा भावांनी घरखर्चासाठी किती उचलले? ज्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नको आहे, त्यासाठी खाते उघडू नये, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर दर महिन्याला हवे आहे, त्याचे उत्तर दोन-तीन खात्यांच्या बेरजेतून सहज निघाले पाहिजे. हा कागद फेकू नये. पुढे नवीन खाते उघडण्याची मागणी आली, की तोच कसोटीला लागतो.

दुसरी पायरी: भांडवलाची बाजू

ही पायरी झटपट उरकते, पण तिच्यातली चूक फार काळ सतावते. एकट्याच्या मालकीची पेढी असेल तर ‘भांडवल’ आणि ‘उचल’ ही दोन खाती पुरतात. घरचे वीजबिल, मुलांची फी, सणाला घरी नेलेला फराळ हे सगळे उचल खात्यात जावे, खर्चात नव्हे. भागीदारीत प्रत्येक भागीदाराची दोन खाती ठेवावीत: एक स्थिर भांडवलाचे आणि दुसरे चालू, ज्यात नफ्याचा वाटा, व्याज, पगार आणि उचल यांची ये-जा होते. भागीदारांना दिलेल्या व्याजाचे आणि पगाराचे खर्चखातेही वेगवेगळे असावे, कारण भांडवलावरील व्याज आयकरात वार्षिक १२ टक्क्यांपर्यंतच मान्य होते आणि पगाराची मर्यादा वेगळ्या सूत्राने ठरते. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून पेढीने भागीदाराला दिलेल्या पगार, व्याज, कमिशन यांची वर्षाची बेरीज २०,००० रुपयांवर गेली, की त्यावर टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापावा लागतो. दोन्ही रकमा ‘भागीदारांना दिलेले’ अशा एकाच खात्यात टाकल्या, तर वर्षअखेरीस त्या एकेक करून निवडत बसावे लागते.

तिसरी पायरी: खाते कशाचे असावे आणि कशाचे नसावे

सगळ्या मांडणीचे मर्म या पायरीत आहे, म्हणून इथे सावकाश जावे. व्यवहाराला अनेक बाजू असतात: खर्च कशाचा, कुठे झाला, कोणाला दिला, कुठल्या मालासाठी झाला. यांतली ‘कशाचा’ ही बाजू खात्याने दाखवायची असते. ‘कुठे’ हे दाखवायला टॅलीत कॉस्ट सेंटर असते, ‘कोणाला’ हे दाखवायला पक्षकाराचे खाते असते आणि ‘कुठला माल’ हे मालाची यादी सांगते. या चारही बाजू खात्याच्या नावात कोंबल्या, की यादी फुगते. समजा खर्चाची तीस खाती आहेत आणि प्रत्येकाची ‘कारखाना’ व ‘दुकान’ अशी दोन रूपे केली, तर ती साठ होतील. उद्या विजयनगरला दुसरे दुकान निघाले की नव्वद. त्याऐवजी तीसच खाती ठेवून कॉस्ट सेंटर दोनाचे तीन केले, तर एकाच नावाची भर पडते आणि गेल्या वर्षाशी तुलनाही शाबूत राहते.

नवीन खाते हवे की नको, हे ठरवण्यासाठी मी तीन गोष्टी विचारतो. या रकमेचा स्वभाव आधीच्या खात्यापेक्षा वेगळा आहे का? हिला कराचा वेगळा नियम लागतो का? अहवालात हिची ओळ वेगळी आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘होय’ असेल तर खाते उघडावे. तिन्हींचे ‘नाही’ असेल तर नोंदीच्या शेऱ्यात दोन शब्द लिहिणे पुरेसे आहे.

वाहतूक भाड्याचे उदाहरण घेऊ. मालवाहतूक एजन्सीने स्वतः जीएसटी आकारला नसेल, तर नोंदणीकृत कारखान्याला त्या भाड्यावर उलट आकारणीने, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, ५ टक्के कर भरावा लागतो. पण धान्य, पीठ, डाळी, मीठ यांच्या वाहतुकीला मात्र सूट आहे. म्हणजे तेलाच्या डब्यांचे भाडे करपात्र आणि बेसनाचे भाडे करमुक्त. दोन्ही भाडीच असली तरी कराचा नियम वेगळा असल्यामुळे त्यांची दोन खाती रास्त ठरतात. तयार माल पुण्याला पाठवण्याचे भाडे हे तिसरे खाते, कारण ते विक्रीचा खर्च आहे; कच्च्या मालाच्या किमतीत ते मिळवायचे नसते. याउलट ‘भाडे – अमुक ट्रान्सपोर्ट’ आणि ‘भाडे – तमुक ट्रान्सपोर्ट’ ही खाती निरर्थक आहेत. कोणाला किती दिले, हे त्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या खात्यावरूनच समजते.

चौथी पायरी: क्रमांक आणि गट

टॅलीत २८ गट आधीच तयार मिळतात, १५ मुख्य आणि १३ उपगट, आणि बहुतेक लहान पेढ्यांचे काम त्यांवरच भागते. तरीही प्रत्येक खात्याला चार आकडी क्रमांक द्यावा असे माझे मत आहे. टॅलीत तो उपनाव म्हणून भरता येतो. इतर काही सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी वेगळी जागा असते. क्रमांकामुळे ‘पेट्रोल’ आणि ‘पेट्रोल खर्च’ अशी जुळी खाती जन्मतःच उघडी पडतात आणि अहवालातला क्रम वर्णमालेवर न चालता आपल्या इच्छेप्रमाणे राहतो. आपल्या पेढीचा ढोबळ आराखडा असा असू शकेल:

१००० मालमत्ता
१११० यंत्रसामग्री, ११२० फर्निचर, ११३० संगणक, ११९० एकत्रित घसारा
१२१० कच्चा माल. १२२० वेष्टणाचे साहित्य. १२३० तयार माल. १२४० व्यापारी माल
१३१० ग्राहकांकडील येणी. १३२० ऑनलाइन विक्रीमंचांकडील येणी
१४१० रोकड – कारखाना. १४२० रोकड – दुकान. १४३० बँक चालू खाते. १४४० क्यूआर व कार्ड वसुली, जमा व्हायची
१५१० ते १५९० इनपुट जीएसटी, टीडीएस व टीसीएस येणे

२००० देणी
२११० पुरवठादार – सूक्ष्म व लघु उद्योग. २१२० पुरवठादार – इतर
२२१० ते २२९० आउटपुट जीएसटी, टीडीएस देणे, भविष्यनिर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) देणे
२३१० कॅश क्रेडिट. २३२० मुदत कर्ज

३००० भांडवल, भागीदारांची चालू खाती

४००० उत्पन्न
४११० विक्री – स्वतःचे उत्पादन, ४१२० विक्री – व्यापारी माल, ४१८० विक्री परत, ४१९० सूट
४५१० इतर उत्पन्न

५००० मालाचा थेट खर्च
५११० कच्च्या मालाची खरेदी; ५१२० व्यापारी मालाची खरेदी; ५१३० वेष्टण खरेदी
५२१० आवक भाडे – करपात्र; ५२२० आवक भाडे – करमुक्त; ५२३० हमाली व तोलाई
५३१० कारागिरांची मजुरी; ५४१० भट्टीचे इंधन; ५४२० उत्पादनासाठी वीज

६००० इतर खर्च
६११० पगार, ६२१० भाडे, ६२२० वीज, ६३१० जावक भाडे, ६३२० विक्रीमंचांचे कमिशन, ६५१० बँक व्याज, ६६१० घसारा

९००० तात्पुरती खाती

क्रमांकांत दहा-दहाचे अंतर जाणूनबुजून ठेवले आहे, म्हणजे मध्ये नवीन खाते घालता येते. एकदा बंद केलेल्या खात्याचा क्रमांक पुन्हा दुसऱ्याला देऊ नये. तीन वर्षांपूर्वीचा अहवाल उघडला, की दोन वेगळ्या गोष्टी एकाच क्रमांकाखाली दिसून गोंधळ उडतो.

पाचवी पायरी: ढोबळ नफा आणि कायद्याचा नमुना

इथे एक खरी अडचण आहे. मालकाला ढोबळ नफा हवा असतो, म्हणजे विक्रीतून माल बनवण्याचा खर्च वजा केल्यावर उरणारी रक्कम. कंपन्यांसाठीच्या तिसऱ्या परिशिष्टात मात्र ढोबळ नफ्याची ओळच नाही. तिथे खर्चाची वर्गवारी स्वभावाने होते: वापरलेला कच्चा माल, व्यापारी मालाची खरेदी, साठ्यातील फरक, कर्मचाऱ्यांवरील खर्च, वित्तीय खर्च, घसारा आणि इतर खर्च. कारखान्यातल्या कारागिराची मजुरी आणि दुकानातल्या विक्रेत्याचा पगार या नमुन्यात एकाच ओळीत येतात, पण ढोबळ नफा काढताना मजुरी वर घ्यावी लागते आणि पगार खाली.

यावर उपाय एवढाच, की खाते सगळ्यात खालच्या पातळीवर वेगळे ठेवावे आणि गट दोनदा बांधावेत, एक मालकासाठी आणि एक कायद्यासाठी. वरच्या आराखड्यात ५३१० आणि ६११० ही म्हणूनच दोन खाती आहेत. वेगळी खाती एकत्र करायला एक बेरीज पुरते. एकत्र पडलेली रक्कम वेगळी करायची तर प्रत्येक व्हाउचर उघडून पाहावे लागते. आज पेढी भागीदारीत असली, तरी उद्या तिची खाजगी मर्यादित कंपनी झाली किंवा बँकेने कंपनीसारखाच नमुना मागितला, तर हीच खाती कामी येतात.

आवक भाडे आणि हमाली यांची जागाही याच विचाराने ठरते. साठ्याच्या मूल्यमापनाच्या लेखा मानकानुसार माल कारखान्यापर्यंत आणण्याचा खर्च मालाच्या किमतीचाच भाग असतो आणि वर्षअखेरीस साठा किंमत किंवा विक्रीतून मिळू शकणारी निव्वळ रक्कम यांपैकी जी कमी असेल तिच्यावर धरतात. सियागंजातली हमाली ‘किरकोळ खर्चा’त गेली, तर साठ्याची किंमत कमी दिसते आणि ढोबळ नफा खोटा वाढतो. ‘विक्री परत’ आणि ‘सूट’ ही खातीसुद्धा विक्रीतून परस्पर वजा करू नयेत. कुठल्या महिन्यात किती माल परत आला, हे तेल खवट होण्याच्या दिवसांत मालकाला कळलेच पाहिजे.

सहावी पायरी: कराची खाती

जीएसटीसाठी सीजीएसटी (केंद्राचा), एसजीएसटी (राज्याचा) आणि आयजीएसटी (आंतरराज्य) यांची इनपुट (खरेदीवरचा) व आउटपुट (विक्रीवरचा) अशी सहा खाती लागतात. ती एकत्र करून चालत नाही, कारण सीजीएसटीचे क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) एसजीएसटीच्या देण्याला वापरता येत नाही आणि उलटही नाही. इंदूरहून उज्जैनला गेलेल्या मालावर पहिली दोन लागतात आणि पुण्याला गेलेल्या मालावर आयजीएसटी. यांच्या जोडीला उलट आकारणीचे देणे दाखवणारी खाती असावीत, कारण ते देणे क्रेडिटमधून फेडता येत नाही, रोखीनेच भरावे लागते आणि भरल्यानंतरच त्याचे क्रेडिट घेता येते. आणखी एक खाते मी आग्रहाने उघडायला लावतो: ‘इनपुट – २बी मध्ये यायचे’. जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराने दाखवलेले आणि आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (पुरवठादारांच्या विवरणपत्रांवरून तयार होणाऱ्या क्रेडिटच्या विवरणात) उतरलेलेच क्रेडिट घेता येते. न उतरलेली रक्कम या खात्यात थांबवून ठेवली, की महिन्याच्या शेवटी कोणाला फोन करायचा याची यादी आपोआप तयार मिळते. ज्या खरेदीवरचे क्रेडिट कायद्यानेच अडवलेले आहे, तिचा कर मात्र थेट त्या खर्चात किंवा मालमत्तेतच मिळवावा.

कराच्या दरानुसार विक्रीची खाती करावीत का, असा प्रश्न हमखास येतो. माझे उत्तर ‘नको’ असे आहे आणि त्याला नमकीनाचेच उदाहरण पुरेसे आहे. वेष्टणबंद आणि छापील लेबल असलेल्या नमकीनावर पूर्वी १२ टक्के कर होता आणि सुट्या मालावर ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून वेष्टणबंद मालही ५ टक्क्यांवर आला. ज्यांनी ‘विक्री १२ टक्के’ असे खाते केले होते, त्यांचे ते खाते त्या दिवशी थबकले आणि वर्षाची विक्री दोन तुकड्यांत विभागली गेली. ज्यांनी दर मालाच्या यादीत ठेवला होता आणि विक्रीचे खाते मालाच्या स्वभावावर ठेवले होते, त्यांनी यादीतला दर बदलला आणि खाते तसेच चालू राहिले. दर सरकारच्या हाती आहे; स्वतःचे उत्पादन आणि व्यापारी माल हा भेद मात्र आपला आहे आणि तो टिकतो.

हाच न्याय टीडीएसला लावावा. ‘१९४सी’, ‘१९४जे’ अशी जुन्या आयकर कायद्यातल्या कलमांची नावे खात्यांना देण्याची सवय सर्वत्र आहे, पण १ एप्रिल २०२६ पासूनच्या आयकर कायदा २०२५ मध्ये कलमांची क्रमवारीच बदलली आहे. ‘टीडीएस देणे – कंत्राटदार’, ‘टीडीएस देणे – व्यावसायिक शुल्क’, ‘टीडीएस देणे – भाडे’ अशी स्वभावाची नावे ठेवली, तर कायदा बदलला तरी पाटी बदलावी लागत नाही.

सातवी पायरी: येणी, देणी आणि मधली खाती

पुरवठादारांचे दोन गट आराखड्यात केले आहेत, त्यामागे कारण आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत देणे २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने बंधनकारक आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ही मुदत टळली, तर तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मान्य होतो. सांवेर रोडवरचा पाऊच छापणारा लघु उद्योजक या गटात येतो. सियागंजातला निव्वळ व्यापार करणारा घाऊक विक्रेता, त्याच्याकडे उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असली तरी, या तरतुदीत येत नाही. म्हणून पक्षकाराचे खाते उघडतानाच त्याचे उद्यम प्रमाणपत्र मागावे, तो उत्पादक, सेवा देणारा की व्यापारी हे पाहावे आणि त्यानुसार गट ठरवावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हे शोधत बसणे फार महाग पडते.

ऑनलाइन विक्रीत बहुतेक पेढ्या एकच चूक करतात. बँकेत आलेली रक्कम हीच विक्री धरतात. विक्रीमंच आपले कमिशन, जीएसटीखालील ०.५ टक्के टीसीएस आणि आयकराचा ०.१ टक्का टीडीएस कापून उरलेले पैसे पाठवतो. विक्री पूर्ण रकमेची दाखवावी, ती १३२० या येणे खात्यात नावे टाकावी आणि पैसे आल्यावर कमिशन ६३२० मध्ये व कापलेला कर मालमत्तेच्या खात्यांत नेऊन येणे शून्य करावे. शून्य होत नसेल, तर मंचाने काहीतरी जास्त कापले आहे, किंवा आपण एखादा परतावा लिहायला विसरलो आहोत. १४४० हे खातेही असेच चालते: ग्राहकाने रविवारी रात्री क्यूआरने दिलेले पैसे सोमवारी किंवा मंगळवारी चालू खात्यात जमा होतात, तोपर्यंत ते इथे थांबतात.

९००० मालिकेतली खाती म्हणजे धर्मशाळा. तिथे मुक्काम थोडा असावा. ‘सस्पेन्स’मध्ये, म्हणजे कुठे टाकायचे ते न ठरलेल्या रकमांच्या खात्यात, महिनाअखेरीस काहीही शिल्लक राहता कामा नये. ‘किरकोळ खर्च’ या खात्याबद्दल मी जरा कठोर आहे. तिसऱ्या परिशिष्टात एक मोजमाप दिले आहे: विक्रीच्या एक टक्का किंवा एक लाख रुपये, यांपैकी जे जास्त असेल त्याहून मोठी कुठलीही बाब वेगळी दाखवावी. भागीदारीला हे बंधन नाही, पण लहान पेढीने याहूनही खालची, स्वतःला झेपेल अशी मर्यादा घालून घ्यावी आणि किरकोळ खर्चात तीच गोष्ट वर्षातून चारदा दिसली, की तिला स्वतःचे खाते द्यावे.

स्थावर-जंगम मालमत्तेबद्दल थोडक्यात एवढेच सांगतो, की प्रत्येक पंख्याचे आणि वजनकाट्याचे वेगळे खाते करू नये. आयकरात घसारा गटावर मिळतो, सर्वसाधारण यंत्रांवर १५ टक्के, फर्निचरवर १० टक्के आणि संगणकांवर ४० टक्के, म्हणून खाती गटांची ठेवावीत आणि एकेका वस्तूची नोंद वेगळ्या रजिस्टरात. त्या रजिस्टरात वापर सुरू झाल्याची तारीख अवश्य लिहावी, कारण त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल, तर घसारा निम्मा मिळतो.

आठवी पायरी: जुन्यातून नव्यात येणे

वहीपूजन दिवाळीत होत असले तरी बदल १ एप्रिललाच करावा. आधी जुन्या खात्यांची पूर्ण यादी काढून प्रत्येकासमोर नव्या खात्याचा क्रमांक लिहावा. अनेक जुनी खाती एका नव्यात मिळणे सोपे आहे; एका जुन्या खात्याचे अनेक नव्यांत विभाजन करणे मात्र वेळखाऊ आहे, म्हणून विजेच्या बिलासारखी मिश्र खाती आधी हातात घ्यावीत. मग गेल्या वर्षातला एखादा धावपळीचा महिना निवडावा, आपल्या पेढीसाठी दिवाळीचा, आणि तेवढ्या महिन्याच्या नोंदी नव्या खात्यांत बसवून अहवाल काढून पाहावा. एकूण नफा जुन्या पद्धतीने आला तेवढाच आला पाहिजे. बदलायला हवी ती फक्त त्याची मांडणी. पहिल्या पायरीतल्या कागदावरचे सगळे प्रश्न त्या अहवालातून सुटले, तर आराखडा तयार झाला असे समजावे. एखादा सुटला नाही, तर कुठले खाते किंवा कॉस्ट सेंटर कमी पडते ते तिथेच दिसते आणि वर्ष सुरू होण्याआधी दुरुस्त करता येते. आरंभीच्या शिलका चढवल्यावर जुनी तेरीज आणि नवी तेरीज यांच्या दोन्ही बेरजा गटवार ताडून पाहाव्यात आणि दोन्हींच्या छापील प्रती फाईलला लावाव्यात. जुनी खाती खोडू नयेत. जीएसटी कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात, आणि पेढी कंपनी असेल तर आठ वर्षे.

शेवटी, नवीन खाते उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा आणि सॉफ्टवेअरच्या सुरक्षा व्यवस्थेतून बाकीच्यांचा तो काढून घ्यावा. प्रत्येक खात्यासमोर, त्यात काय जाते आणि काय जात नाही, याचे एकेक वाक्य लिहून ती यादी नोंदी करणाऱ्याच्या टेबलाजवळ लावावी. वर उल्लेखिलेल्या त्या नमकीनवाल्यांकडे ही यादी आजही संगणकाशेजारच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. तिच्यावर तेलाचे डाग पडले आहेत आणि ६२२० समोर कोणीतरी पेनाने लिहून ठेवले आहे: ‘घरचे बिल इथे नाही, उचल खात्यात.’